गोचिडाची खाज हा अंगाचा दोष नव्हे

इगतपुरी तालुक्यातील एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. त्या मूळच्या नाशिक शहरातील. लग्नानंतर गोठ्याचे काम त्यांच्याकडे आले. घरी दोन डांगी गाई, दोन संकरित होल्स्टीन गाई, एक संकरित कालवड आणि राखणीचा कुत्रा आहे. त्या लिहितात की, सुरुवातीला गोचीड अंगावर चिकटलेला दिसेपर्यंत कळतही नसे. आता मात्र एका दिवसाच्या आत ती जागा लाल होऊन फुगते आणि खाज कित्येक दिवस जात नाही. सासऱ्यांचे म्हणणे असे की, अंगाला सवय झाली की गोचीड बाधत नाही, मला तर तो चावलेला जाणवतही नाही. यजमानांचे मत असे की, कालवडीच्या अंगावरचे गोचीड काढू नयेत, म्हणजे ती काटक होईल. ताईंनी विचारले आहे की, शरीर खरोखरच गोचिडाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण करते का, त्यांची खाज हा काही आजार आहे का, संकरित गाई गोचिडांनी भरलेल्या असताना शेजारच्याच डांगी गाईवर ते मोजकेच का दिसतात आणि यावर एखादी लस आहे का.

ताई, नमस्कार.

आपल्याला वाटते ती उणीव आपल्या अंगात नाही. गोचिडाविरुद्ध शरीर प्रतिकारशक्ती निर्माण करते, आणि आपल्याला सुटणारी खाज ही बहुतेक त्या प्रतिकाराचीच खूण आहे. सासऱ्यांना काहीच जाणवत नाही, याचा अर्थ त्यांचे शरीर अधिक बळकट झाले आहे असा लावता येत नाही. उलट गोचिडाला जे हवे असते तेच, म्हणजे आपली चाहूल न लागू देणे, त्यांच्या बाबतीत साधत असण्याची शक्यता जास्त आहे. सवय आणि प्रतिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोठ्यात राबणाऱ्या माणसाने त्यांची गल्लत करणे धोक्याचे आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने लिहितो.

डास क्षणभर बसतो आणि उडून जातो. गोचीड मात्र एकदा चिकटला की कित्येक दिवस त्याच जागी राहतो. तोंडाशी असलेल्या दोन बारीक सुऱ्यांनी तो कातडी कापतो, मागे वळलेल्या काट्यांची सोंड आत रोवतो आणि बऱ्याच जातींत सोंडेभोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव सोडून स्वतःला पक्का बसवून घेतो. पहिले काही दिवस तो सावकाश पितो, आणि खरे पोट भरणे शेवटच्या एखाद्या दिवसात उरकतो. तेवढ्यात मादीचे वजन शंभरपटीहून अधिक वाढते. एवढा काळ एका जिवंत प्राण्याच्या कातडीत सोंड खुपसून राहायचे तर त्या प्राण्याला पत्ता लागू देता कामा नये, आणि हे काम गोचिडाची लाळ करते. तिच्यात रक्त गोठू न देणारे घटक असतात. जखमेकडे पांढऱ्या पेशींना बोलावणारे जे रासायनिक निरोप शरीर पाठवते, ते वाटेतच अडवणारी प्रथिने असतात. आणि खाज उत्पन्न करणारे हिस्टामीन धरून ठेवणारीही प्रथिने असतात. दिवसागणिक या लाळेतील घटक बदलत जातात, त्यामुळे शरीराने एका घटकाची ओळख पटवेपर्यंत दुसराच पुढे आलेला असतो. पहिल्या काही वेळा आपल्याला काही कळले नाही, ते याचमुळे.

तरीही शरीर सगळ्याच गोष्टींना फसत नाही. कातडीतील पहारा देणाऱ्या पेशी त्या लाळेतील प्रथिनांचे नमुने उचलून जवळच्या लसिकाग्रंथींत नेतात, तिथे टी पेशी आणि बी पेशी या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्यांची ओळख करून घेतात आणि त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे त्यांना नेमकी ओळखून चिकटणारी शरीराची स्वतःची प्रथिने, तयार होऊ लागतात. या सगळ्याला आठवडाभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि तोवर पहिला गोचीड बहुधा पोट भरून गळून पडलेला असतो. म्हणजे पहिल्या चाव्याची शिकवणी कामी येते ती पुढच्या चाव्याच्या वेळी.

हे प्रथम नीट दाखवून दिले विल्यम ट्रेगर या अमेरिकन संशोधकाने, १९३९ साली. त्याने गिनीपिगांवर गोचिडाची पिल्ले सोडली. पहिल्या खेपेला पिल्लांनी पोटभर रक्त प्याले. त्याच गिनीपिगांवर पुन्हा पिल्ले सोडली तेव्हा त्यातली थोडीच नीट पिऊ शकली. विशेष म्हणजे दुसरी खेप पहिल्याच जागी असावी लागत नव्हती. ओळख सर्व शरीरभर पोचलेली होती.

पण गोचिडाला नेमके अडवते कोण, हे कळायला आणखी काही दशके लागली. आपल्या रक्तात बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्या १८७९ मध्ये ओळखल्या; पण एकूण पांढऱ्या पेशींत त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असल्याने त्यांचा उपयोग काय, हे कोडे दीर्घकाळ सुटले नाही. १९७० च्या दशकात असे दिसले की, एकदा गोचीड चावून गेलेल्या गिनीपिगाला तो पुन्हा चावला की सोंडेच्या टोकाभोवती याच पेशींची गर्दी होते. १९८२ मध्ये अमेरिकेतील एका गटाने गिनीपिगांतील बेसोफिल नष्ट करून पाहिले, तेव्हा त्यांची गोचिडाविरुद्धची प्रतिकारशक्तीही नाहीशी झाली. जपानमधील हाजिमे कारासुयामा यांच्या गटाने २०१० मध्ये हेच उंदरांत सिद्ध केले आणि पुढे त्यातील साखळीही उलगडली: पहिल्या चाव्यानंतर ओळख असलेल्या टी पेशी कातडीत वस्तीला राहतात, दुसऱ्या चाव्याच्या वेळी त्या बेसोफिलांना तिथे ओढून आणतात, बेसोफिलांच्या अंगावर बसलेली ‘आयजीई’ जातीची प्रतिपिंडे गोचिडाची लाळ ओळखतात, बेसोफिल आपल्याजवळचे हिस्टामीन ओततात, आणि त्या हिस्टामीनमुळे कातडीचा वरचा थर सोंडेभोवती जाड होतो. जाड झालेल्या थरातून गोचिडाला रक्तापर्यंत पोचणे अवघड जाते. तो उपाशी राहतो, लवकर गळून पडतो किंवा त्याच जागी मरतो.

हिस्टामीन म्हटले की खाज आलीच. म्हणून मी म्हणालो की आपली खाज ही प्रतिकाराची खूण आहे. गाईबैल चाटून, अंग घासून गोचीड पाडतात तेही त्याच खाजेमुळे, आणि माणसाचा हात तिथे जातो तोही त्याच कारणाने. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील ब्लॉक आयलंड या बेटावर लाइम नावाचा गोचीडजन्य आजार पुष्कळ आढळतो. तिथल्या सुमारे दीड हजार रहिवाशांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले की, ज्यांना वर्षातून तीन किंवा अधिक वेळा गोचीड चावल्याची खाज सुटली होती, त्यांना हा आजार कमी वेळा झाला होता. त्या आजाराचे जंतू गोचिडातून माणसात उतरायला साधारणतः एक दिवस किंवा अधिक लागतो. त्यामुळे खाजेने गोचीड लवकर सापडतो आणि काढला जातो, हे त्यामागचे एक सरळ कारण असू शकते.

आता सासऱ्यांविषयी. त्यांच्या अनुभवाचा मला अनादर करायचा नाही, पण तो अनुभव काय दाखवतो ते पाहिले पाहिजे. आपल्या अंगणातला कुत्रा घ्या. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड त्याला आयुष्यभर चावत असतो. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत ते घोसाने लटकलेले आपण पाहतो. हेच गोचीड प्रयोगशाळेत गिनीपिगावर सोडले तर गिनीपिग काही खेपांत त्यांना दाद देईनासा होतो. कुत्र्यात मात्र तसा जोरदार प्रतिकार उभा राहत नाही. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या पायांचा रानउंदीरही तिथल्या हरणगोचिडाचे वारंवार भोजन होतो आणि तरी त्याला अडवत नाही. ज्या प्राण्याबरोबर एखाद्या जातीच्या गोचिडाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, त्याच्या शरीराला शांत ठेवण्याची विद्या त्या गोचिडाच्या लाळेला साधलेली असते. तेव्हा न जाणवणे हे बळाचे प्रमाणपत्र मानू नये. सासऱ्यांनी उलट अधिक सावध राहावे. गोठ्यातून परतल्यावर रोज काखा, जांघा, कमरपट्ट्याची जागा, गुडघ्यामागची वळी आणि कानामागचा भाग पाहावा, कारण त्यांचे अंग त्यांना हाक देणार नाही.

आपली खाज हा आजार नाही, असे मी म्हटले. पण त्याला एक मर्यादा आहे. आयजीई प्रतिपिंडांचा हा प्रतिसाद कधीकधी भलत्याच दिशेला जातो. गोचिडाच्या चाव्यातून काही लोकांत ‘अल्फा-गॅल’ नावाच्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ही साखर माणसात नसते, पण बोकड, मेंढी, गाय, डुक्कर अशा बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. अशा व्यक्तीला मटण खाल्ल्यावर लगेच नव्हे, तर साधारण तीन ते सहा तासांनी अंगभर गांधी उठतात, पोटात मुरडा येतो, क्वचित श्वास कोंडतो. अमेरिकेत थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनी आणि ऑस्ट्रेलियात शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी या विकाराचा गोचिडाशी असलेला संबंध उजेडात आणला. आपल्याला असे काही होत असल्याचे पत्रात नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र मध्यरात्री कारण नसताना गांधी उठल्या, तर रात्रीच्या जेवणात काय होते आणि गोचीड चावला होता का, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात. चाव्याच्या जागेपुरती खाज असेल तर थंड पाण्याची पट्टी पुरते. फारच त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून खाजेची गोळी घ्यावी. खाजवून जखम होऊ देऊ नये.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. शरीराने तयार केलेला हा प्रतिकार गोचिडाविरुद्ध, म्हणजे त्याच्या लाळेविरुद्ध असतो. गोचिडाच्या पोटातून येणाऱ्या जंतूंविरुद्ध नसतो. गोचीड लवकर गळाला तर काही जंतूंना उतरायला वेळ मिळत नाही हे खरे, पण सगळेच जंतू तेवढी वाट पाहत नाहीत. काही विषाणू सोंड रुतल्यानंतर थोड्याच वेळात आत जातात. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाची भारतातील पहिली निश्चित नोंद जानेवारी २०११ मध्ये आपल्या शेजारच्या गुजरातेत झाली. तो जनावरांवरच्या हायलोमा जातीच्या गोचिडांतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून पसरतो. क्यासनूर जंगलाचा ताप १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला आणि गेल्या दशकात तो आपल्या सिंधुदुर्गातही दिसला. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडातून येणारा गोचीड-टायफस हा तापही आपल्या देशात आहे. यांपैकी कशालाही खाज सुटणाऱ्या कातडीचा भरवसा धरून सामोरे जाता येत नाही.

म्हणून अंगावर गोचीड दिसला की तो ताबडतोब काढावा, आणि नीट काढावा. बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचिडाला तोंडाशी पकडावे, पोटाशी नव्हे; कारण पोट दाबले की आतला द्रव जखमेत जाण्याची भीती असते. मग न पिळता, न झटकता, संथ आणि सारखा जोर लावून सरळ वर ओढावे. सोंडेभोवतीचे सिमेंट सुटायला दोन क्षण लागतात. कातडी तंबूसारखी वर उचलली जाते आणि मग तो सुटतो. सोंडेचा तुकडा आत राहिलाच तर सुईने उकरत बसू नये, कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. जागा साबणाने धुवावी. सासूबाई घासलेट लावतात किंवा उदबत्तीचा चटका देतात असे आपण लिहिले आहे. ते थांबवावे, कारण डिवचलेला गोचीड सुटण्याआधी अधिक लाळ सोडू शकतो. आणि गोठ्यात गाईचे गोचीड उपटून नखावर चिरडण्याची जी पद्धत घरोघर आहे, ती मला सर्वांत जास्त खटकते. काँगो तापाचा विषाणू नखाजवळच्या बारीकशा चिरेतूनही आत जाऊ शकतो. हातमोजे घालावेत आणि काढलेले गोचीड साबणाच्या दाट पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकावेत.

गोचीड चावल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ताप, जोराची डोकेदुखी, अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ किंवा चाव्याच्या जागी काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि गोचीड चावल्याचे न विचारता सांगावे. टायफसवर स्वस्त आणि गुणकारी औषध उपलब्ध आहे. उशीर झाला तरच तो जिवावर बेततो.

आता गाई. आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्यामागे पक्के कारण आहे. वशिंडाच्या, म्हणजे आपल्या देशी गाईंत गोचिडाविरुद्धचा प्रतिकार युरोपीय गाईंपेक्षा अधिक बळकट उभा राहतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. तो जन्मतः पूर्ण तयार नसतो. देशी वासरूही गोचिडांच्या पहिल्या काही खेपांतूनच शिकते, पण ते होल्स्टीनपेक्षा चांगले शिकते. प्रतिकार करणाऱ्या गाईची मानेखालची पोळी किंवा कासेची कातडी जवळून पाहिली, तर कधीकधी बाजरीच्या दाण्याहून लहान अशा पुळ्या दिसतात, त्यांतून पाझरलेला चिकट द्रव वाळलेला असतो आणि त्यात गोचिडाचे पिल्लू अडकून मेलेले असते. म्हणजे लढाई पहिल्या एक-दोन दिवसांतच संपलेली असते. आपल्याला डांगीवर गोचीड दिसत नाहीत, ते बहुतेक मोठे व्हायच्या आधीच संपल्यामुळे. होल्स्टीनवर तीच पिल्ले तग धरतात, आणि कासेभोवती वाटाण्याएवढी फुगलेली जी दिसते ती त्यांचीच मादी. गाईच्या नेहमीच्या गोचिडाची एक मादी खाली पडून गोठ्याच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते.

जगाने या देशी गुणाची किंमत ओळखली आहे. ब्राझीलने आपल्याकडील गीर नेली आणि होल्स्टीनशी संकर करून ‘गिरोलांडो’ ही दुधाळ जात उभी केली, जिच्यात पाच अष्टमांश होल्स्टीन आणि तीन अष्टमांश गीर असते; ऑस्ट्रेलियाने साहिवालचे रक्त घेऊन गोचिडाला दाद न देणारी दुधाची गाय घडवली. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात, मुसळधार पावसात उभी राहणारी डांगी आपल्या दारात आहे. तिचे दूध कमी म्हणून तिला मोडीत काढू नये, असे मला मनापासून वाटते. पुढच्या रेतनाच्या वेळी विदेशी रक्ताचे प्रमाण आणखी वाढवायचे की नाही, याचा विचार पशुवैद्यकांशी बसून करावा.

यजमानांचे कालवडीविषयीचे मत अर्धे बरोबर आहे. गोचीड अजिबात न पाहिलेले जनावर प्रतिकार शिकत नाही. त्यामुळे एकही गोचीड राहू नये म्हणून दर आठ दिवसांनी विषारी औषध फवारणे मला मान्य नाही. त्याने औषधाला न जुमानणारे गोचीडच मागे उरतात, आणि तसे ते भारतात अनेक ठिकाणी आढळले आहेत. परंतु संकरित कालवड ही डांगी वासरू नव्हे. तिच्या अंगावर गोचीड मुद्दाम राहू देणे म्हणजे तिला थायलेरिओसिसच्या, आपण ज्याला गोचीड ताप म्हणतो त्यांपैकी एका आजाराच्या, तोंडी देणे आहे. संकरित जनावरांत तो फार तीव्र होतो आणि वासरे दगावतात. शिवाय गाभणपण, विण्यानंतरचे दुधाचे दिवस आणि चाऱ्याची टंचाई यांत शिकलेला प्रतिकारही ढिला पडतो. दोन्ही संकरित गाईंच्या कास, जांघ, शेपटीखालचा भाग आणि कान आठवड्यातून दोनदा तपासावेत, गोठ्याच्या भिंतींच्या आणि गव्हाणीच्या फटी लिंपून घ्याव्यात, जुना केरकचरा आणि शेणाचा थर हलवावा, आणि अंगावर ओतायचे किंवा टोचायचे औषध पशुवैद्यकांनी सांगितलेल्या मात्रेतच वापरावे. ते दिल्यावर दूध किती दिवस वापरू नये तेही विचारून घ्यावे.

लसीबद्दल सांगायचे तर, गाईच्या गोचिडाविरुद्धची लस जगात आहे. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्यूबात ती बाजारात आली. तिची युक्ती वेगळी आहे: ती लाळेवर नव्हे, तर गोचिडाच्या आतड्यातील ‘बीएम ८६’ या प्रथिनावर बेतलेली आहे. लस दिलेल्या गाईचे रक्त गोचीड पितो, रक्ताबरोबर प्रतिपिंडे त्याच्या पोटात जातात, आतडे जखमी होते आणि मादी अंडी कमी घालते. हे प्रथिन चाव्याच्या वेळी गाईला कधी भेटतच नाही, त्यामुळे चाव्यांनी तिची आठवण ताजी होत नाही आणि लस पुन्हापुन्हा द्यावी लागते. माणसासाठी अशी लस अजून नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या गटाने गोचिडाच्या लाळेतील १९ प्रथिने शरीराकडूनच बनवून घेणारी एमआरएनए प्रकारची लस गिनीपिगांना देऊन पाहिली, तेव्हा चाव्याची जागा लवकर लाल झाली आणि गोचीड लवकर गळले. आपल्याला आलेला अनुभव लसीने घडवून आणण्याचाच तो प्रयत्न होता.

कालवडीसाठी आज हाताशी असलेली गोष्ट मात्र निराळी आहे. थायलेरिओसिसविरुद्ध आपल्या देशातच तयार होणारी ‘रक्षावॅक-टी’ ही लस संकरित जनावरांना देता येते. ती गोचिडाला अडवत नाही, त्याने आणलेल्या रोगाला अडवते. पावसाळा तोंडावर येण्याआधी, गोचीड वाढण्यापूर्वीच, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन कालवडीचे वय सांगावे, दोन्ही संकरित गाईंपैकी कोणी गाभण आहे का तेही सांगावे आणि ही लस त्यांच्याकडून केव्हा मिळेल याची चौकशी करावी.